खुंटीवरच्या बांगड्या

एका गावात वीज आली, आणि विजेपाठोपाठ नवऱ्याला घेऊन एक मुलामेवालीही तिथे राहायला आली. मागच्या पडवीत तिने छोटासा कारखाना थाटला. एका टबात निकेलचं हिरवं पाणी, शेजारी विजेवर भरून घेतलेली मोटारीची बॅटरी, दोन तारा, आणि भांडी आधी स्वच्छ करायला तेजाब, म्हणजे ॲसिड. काळवंडलेली समई तिच्याकडे द्या, दोन दिवसांनी तीत तोंड बघून घ्या!

बाईची शिस्त मात्र भलतीच कडक. काम सुरू करण्याआधी दोन्ही खिडक्या सताड उघडायच्या. पाण्यात तेजाब हळूहळू सोडायचं, तेजाबात पाणी कधीही ओतायचं नाही. चहाची कपबशीसुद्धा उंबरठ्याच्या आत नको. नवरा बादलीभर पाणी घेऊन दारात बसे. आणि हातमोजे चढवण्याआधी ती बांगड्या, अंगठी, मंगळसूत्र सगळं उतरवून दाराजवळच्या खुंटीला अडकवी.

झालं! गावभर बोभाटा. "अगं बाई, नवरा समोर बसलाय आणि ही बोडक्या हातांनी काम करते!"

तेवढ्यात जत्रा जवळ आली. देवीचा तांब्याचा मुखवटा पार काळा पडला होता. चांदी गावाला परवडणारी नव्हती, म्हणून निकेलचा मुलामा द्यायचं ठरलं. पाटील स्वतः मुखवटा घेऊन आले.

"काम तुलाच देतो," ते म्हणाले, "पण बांगड्या घालून करायचं. बोडक्या हातांनी देवीला शिवायचं नाही."

"नाही घालणार, पाटील. काच फुटली की हातमोजा फाटतो, आणि सोनं बॅटरीला टेकलं की हात भाजतो."

"नवऱ्याच्या जिवाची काही काळजी आहे का तुला?"

"ते काय, दारातच बसलेत. विचारा त्यांनाच."

नवरा हसला. "मला बायको धडधाकट हवी, पाटील. बांगड्या काय, काम संपलं की घालतेच ती."

पाटलांचा चेहरा लालबुंद झाला. "मग या गावातलं एक भांडं तुझ्या दारात येऊ देणार नाही! बघतो तुझी चूल कशी पेटते ती!"

"बघा खुशाल. कारखान्याला कुलूप लावीन, पण हातात काच किंवा सोनं घालून तारांना हात लावणार नाही."

पाटील बोलले ते त्यांनी खरं केलं. पंधरा दिवस झाले, तिच्याकडे साधी पळीसुद्धा आली नाही. नवरा मोलमजुरीला जाऊ लागला. बाईला राग आला, रडूही आलं, पण रोज सकाळी ती खिडक्या उघडून टब पुसून ठेवीच.

एकदा नवरा चाचरत म्हणाला, "लोकांना दाखवण्यापुरत्या दोन घाल ना. मग काढ."

"आणि उद्या माझं बघून दुसरी कुणी खरंच तशी कामाला बसली तर? तिचा हात कोण आणून देणार?"

नवऱ्याने मान हलवली आणि दारातली बादली पुन्हा भरून ठेवली.

इकडे पाटलांना वाटलं, मुखवट्याला मुलामा आपणच देऊ, त्यात काय एवढं मोठं? त्यांनी टब आणला, बॅटरी आणली आणि माजघरात मांडामांड केली. आपलं गुपित कुणी बघू नये म्हणून दारं-खिडक्या घट्ट बंद! पाटलांच्या बोटांत चार ग्रहांच्या चार अंगठ्या. पाना घेऊन ते बॅटरीच्या एका टोकाला तार आवळायला बसले, आणि त्याच हातातली अंगठी दुसऱ्या टोकाला टेकली.

चर्र! डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अंगठी तापून लाल झाली. पाटील किंचाळले, पाना उडाला. बोट सुजलं, अंगठी काही निघेना. पाटलीणबाई अनवाणी धावत सुटल्या, कुठे, तर थेट मुलामेवालीच्या दारी!

ती तशीच उठून आली. आधी खिडक्या उघडल्या. पाटलांचं बोट किती तरी वेळ गार पाण्याच्या धारेखाली धरलं. मग पत्रा कापायच्या बारीक कातरीने अंगठी अलगद कापून काढली आणि त्यांना डॉक्टरांकडे धाडलं. त्यांना ती एका शब्दानेही बोलली नाही.

बोट वाचलं. चार दिवसांनी पाटील हाताला पट्टी बांधून, मुखवटा घेऊन पडवीत आले. मागे निम्मा गाव. ते उंबरठा ओलांडणार तोच बाई आडवी आली.

"काम करीन, पाटील. पण आत यायचं असेल तर उरलेल्या तीन अंगठ्या आधी त्या खुंटीवर!"

पाटील अंगठ्या चाचपत राहिले. मग गर्दीतून पाटलीणबाईंचाच आवाज आला, "काढा की हो! कशाची वाट बघताय?"

पाटलांनी एकेक करून तिन्ही अंगठ्या काढल्या आणि तिच्या हिरव्या बांगड्यांशेजारी अडकवल्या.

जत्रेच्या दिवशी देवीचा मुखवटा लखलखत होता. मुलामेवाली दर्शनाला आली ती दोन्ही हात भरून हिरव्या बांगड्या घालून. आणि आता कुणाची काही विचारायची छाती झाली नाही.

तात्पर्य काय, तर जी रीत हात भाजवते, तिला कामाच्या वेळी खुंटीवर टांगावं, मग ती टांगायला सांगणारा एकटा का असेना.