औषधापुरती

सुभेदार खोत आरोग्य केंद्रात शिरले की बाकावरची माणसं आपोआप ताठ बसायची. पेन्शनीत गेले तरी दरारा कायम होता. पण परवा ते न्हाणीत पडले, आणि हे डॉक्टर रेवतीच्या कानावर आलं होतं. साठीपुढच्या प्रत्येकाला ती विचारायची तेच तिनं आज जरा भीतभीतच विचारलं, "आबा, दारू घेता का?"

"घेतो. पण औषधापुरती," सुभेदार गुरकावले. "आता औषधालाही नाही म्हणणार का?"

बाकावर हशा पिकला. रेवतीही हसली.

"छे हो. कशासाठी घेता?"

"झोप लागत नाही म्हणून."

"कधीपासून?"

"पलटणीत होतो तेव्हापासून."

"मग एवढंच सांगा आबा, गुण आला का? आला असेल तर औषध थांबवू. नसेल आला तर बदलू."

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. हो म्हटलं तरी बाटली जात होती, नाही म्हटलं तरी जात होती.

"थोडासा आलाय," ते हळूच म्हणाले.

"मग आजपासून थोडं कमी करू," रेवती म्हणाली. "आणि औषध आहे ना, मग यापुढे मला विचारून घ्यायचं."