माळ्याखालचा पाळणा

भक्तहो, श्रीविमलगिरी महाराजांचा मुक्काम त्या वर्षी गिरणेच्या काठी आंबेवडे गावी होता. आता तिथे सिमेंटची घरे झाली आहेत आणि नदी उन्हाळ्यात कोरडी पडते. पण ज्यांनी तो काळ पाहिला, ती म्हातारी माणसे अजून डोळे मिटून सांगतात. पहाटे घरोघरी जात्यांची घरघर सुरू होई, गोवऱ्यांचा निळा धूर गल्लीवर तरंगे आणि महाराज मारुतीच्या पारावर कोवळ्या उन्हात बसलेले दिसत. अंगावर एक छाटी, जवळ एक लाकडी कटोरा. कुणी जेवायला नेले तर जात, नाही तर नदीचे पाणी पिऊन पुन्हा पारावर येऊन बसत.

गावात सुकलाल शिंपी राहत असे. माणूस देवभोळा, पण पोटदुखीने गांजलेला. तेलकट-तिखटाची सवय सुटत नव्हती, आणि घरात तर पाय ठेवायला जागा नव्हती. चिंध्यांची गाठोडी, मोडके पाट, फुटके डेरे, कधी काळी लागेल म्हणून जपलेल्या नाना वस्तू. एखादी कात्री शोधायची तरी नवराबायकोत भांडण जुंपे. एके दिवशी सुकलालने महाराजांचे पाय धरले.

"महाराज, पोटासाठी अंगारा द्या."

"देऊ की," महाराज म्हणाले. "चल, आधी तुझं घर बघू."

महाराज दारात आले आणि तिथेच थांबले. सुकलालची बायको दगूबाई पाट मांडायला धावली, पण पाट मांडावा तरी कुठे? ती शरमून गेली. महाराज हसले.

"माउली, लाजू नकोस. जे वर्षभर हातात धरलं नाही, ते ज्याला उपयोगी पडेल त्याला देऊन टाक. आणि याला साधं जेवू घाल. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, एखादी पालेभाजी. तळण सणावारी. हाच अंगारा."

दोघांनी कामाला हात घातला. आवराआवरीत एका गाठोड्यातून लहानगे अंगडे-टोपडे निघाले. दगूबाईचे पहिले मूल पाळण्यातच गेले होते. तिने ते कपडे महाराजांपुढे ठेवले.

"हेही देऊ का, महाराज?"

महाराजांनी ते उचलून पुन्हा तिच्या ओंजळीत दिले. "हे राहू दे, माउली. याचं ओझं होत नाही."

महिनाभरात घर मोकळे झाले. खिडकीतून ऊन थेट चुलीपर्यंत येऊ लागले. सुकलालचे पोट शांत झाले, दगूबाई दळताना ओव्या म्हणू लागली. गावाला मात्र हसायला निमित्त मिळाले. सगळ्यांत मोठ्याने हसत ते त्र्यंबकशेट वाणी.

"काय रे सुकलाल, महाराजांनी घर रिकामं केलं, पोट रिकामं केलं. आता अंगरखा कधी काढून घेणार?"

शेटजींच्या घरात खिळासुद्धा कुणी टाकत नसे. माजघरावरचा लाकडी माळा आजोबांच्या वेळेपासून भरलेला. पितळी हंडे, लोखंडी कढया, गाड्याची जुनी चाके, मांडवाच्या बल्ल्या. खालची तुळई रात्रंदिवस करकरे. शेटाणी भागीरथीबाई सांगून थकल्या होत्या. शेटजी म्हणत, "भरल्या घराचा आवाज आहे तो!"

शेटजींना नातू झाला. बारशाला सगळ्या गावाला पुरणाच्या मांड्यांचे जेवण. शेटजी स्वतः पारावर आमंत्रण द्यायला आले.

"महाराज, या एकदा. भरलेलं घर कसं असतं ते बघा."

महाराजांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळले. "शेट, बारशाआधी माळा उतरवून घ्या. आमचं ऐका."

"वा! म्हणजे आता माझंही घर रिकामं करणार?" शेटजी हसतच निघून गेले. घरी जाऊन त्यांनी उलटेच केले. पाहुण्यांना जागा हवी म्हणून माजघरातले सामानही माळ्यावर चढवून दिले.

बारशाच्या दुपारी महाराज सुकलालकडे जेवायला बसले होते. भाकरीचा पहिला घास हातात होता. तो तसाच ताटात ठेवून ते एकाएकी उभे राहिले. खांदा वर, मान वाकलेली, पाय रोवलेले. जणू डोईवर डोंगर आला आहे! कपाळावरून घाम ओघळू लागला.

"सुकलाल, पळ! शेटकडे जा. पाळणा काढ आधी!"

सुकलाल धावत पोहोचला तेव्हा माजघरात कुणी हलत नव्हते. तुळई मधोमध मोडून खाली झुकली होती. सगळा माळा कलंडला होता, आणि पाळण्यावर हातभर अंतरावर येऊन अधांतरी थांबला होता. खाली आधार म्हणून काहीच नव्हते! बाळाची आई पाळण्याला मिठी मारून बसली होती. शेटजी उंबऱ्यात उभे होते. त्यांचे पाऊल उचलत नव्हते.

सुकलालने वर पाहिले नाही. महाराजांचे नाव घेत तो जमिनीवर पालथा सरपटत आत गेला. बाळ पोटाशी धरले, आईच्या हाताला धरून तिला ओढत बाहेर आणले. बाळाला घेऊन दोघांनी ओट्यावर पाय ठेवला मात्र, आणि मागे कडाडून सगळा माळा कोसळला. धुळीचा लोट दारातून बाहेर आला.

"अरे, हे थांबलं कसं होतं?" शेटजी कसेबसे बोलले.

"महाराज आमच्या घरी उभे आहेत, शेटजी," सुकलाल धापा टाकत म्हणाला. "घास टाकून उभे आहेत."

शेटजी तसेच अनवाणी धावत सुटले. सुकलालच्या घरात महाराज भिंतीला टेकून बसले होते, आणि दगूबाई त्यांच्या खांद्याला हळद लावत होती. खांद्यावर तुळईएवढा रुंद काळानिळा वळ उठला होता, आणि त्यात जुन्या सागवानाच्या बारीक ढलप्या रुतल्या होत्या.

ते पाहून शेटजींच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांनी पगडी काढून बाजूला ठेवली आणि महाराजांच्या पायांवर डोके घातले.

"महाराज, माझ्या हावेचं ओझं तुम्ही पेललंत! मला शिक्षा करा."

महाराजांनी त्यांना उठवले. "शिक्षा कशाची? भांडी धुऊन-पुसून गावात वाटून टाका. आणि आमच्या पाया काय पडता, शेट? आम्ही तर इथं होतो. मोडक्या माळ्याखाली शिरला तो हा."

सुकलाल दारात उभा होता. केसांत धूळ, कोपरे सोललेली. शेटजी वळले आणि ज्याला चारचौघांत हसत आले होते, त्या शिंप्याच्या पायांशी वाकले. सुकलाल गोंधळून मागे सरकला.

"अहो शेटजी, हे काय! उठा, उठा."

पण शेटजी बराच वेळ उठले नाहीत.