वरची खोली

बेदाण्याचे एक मोठे व्यापारी एकदा डोंगरउतारावरच्या एका लहानशा आश्रमात राहायला आले. मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून ते नुकतेच बाहेर पडले होते. शस्त्रक्रिया पार पडली होती, केमोथेरपी संपली होती, तपासण्यांचे अहवालही समाधानकारक होते. तरी शेठजींच्या अंगात त्राण म्हणून उरले नव्हते. जिवावरचे दुखणे टळले, या आनंदात घरच्यांनी त्यांना फार जपले. पाण्याचा पेलासुद्धा त्यांना हातात मिळे. महिने लोटले, पण थकवा हटेना. शेवटी हवापालट व्हावा म्हणून मुलाने त्यांना आश्रमातल्या गुरुजींकडे आणून सोडले.

आश्रमातला शिष्य वामन याने स्वयंपाकघरालगतची रिकामी खोली त्यांच्यासाठी झाडून, अंथरूण घालून तयार ठेवली होती. वयोवृद्ध गुरुजींनी मात्र शेठजींकडे शांतपणे पाहिले, मुलाने आणलेले कागद वाचले आणि शेठजींच्या डॉक्टरांशी फोनवर बराच वेळ बोलले. मग म्हणाले, "वामन, शेठजींना वरची खोली दे."

वरची खोली म्हणजे चढावरच्या पायवाटेच्या पार शेवटी. वाटेत टेकायला दगडी कट्टे होते, पण धडधाकट माणसालाही तिथे धाप लागे. वामनला वाटले, आपल्या ऐकण्यातच काही चूक झाली.

"आणि जेवायला त्यांनी दोन्ही वेळा खाली यायचे," गुरुजी पुढे म्हणाले. "वर काही पोचवायचे नाही."

दुसऱ्या दिवशी शेठजी जेवायला आले ते प्रत्येक कट्ट्यावर बसत, कपाळाचा घाम पुसत. पाटावर टेकताच त्यांचा संयम सुटला. "गुरुजी, मी इथं विसाव्याला आलोय का शिक्षा भोगायला?"

"गरम भाकरी आहे, आधी जेवून घ्या," एवढेच बोलून गुरुजींनी स्वतःच्या हाताने त्यांना वाढले.

वामनला ते पाहवेना. त्याची आई याच रोगाने गेली होती. तिच्या अखेरच्या दिवसांत तो तिच्या उशापासून हलला नव्हता. तिला चमच्याने पेज भरवली होती, तिचे पाय चेपले होते. आजारी माणसाची सेवा कशी करावी हे मला कुणी शिकवायला नको, असे त्याला मनोमन वाटे. त्या संध्याकाळी त्याने गुपचूप डबा भरला आणि वर नेऊन दिला. शेठजींचे डोळे पाणावले. "लेकरा, तुला माझी दया आली रे," ते म्हणाले.

मग रोजच डबा वर जाऊ लागला. शेठजी खाली येईनासे झाले. गुरुजींनी विचारले की वामन सांगे, "आज त्यांना बरे वाटत नाही." आणि ते खोटेही राहिले नाही. शेठजींची भूक मंदावली. झोप उडाली. एका सकाळी दाराबाहेरच्या रांजणापर्यंत जातानाही त्यांना वामनचा खांदा धरावा लागला. आपण इतके जिवापाड करतो आहोत, मग हे खंगत का चालले, हे वामनला उमगेना.

त्याच दुपारी तो डबा घेऊन चढत असताना गुरुजी खोलीखालच्या पहिल्याच कट्ट्यावर बसलेले दिसले. 

"किती दिवस चालले आहे हे?" गुरुजींनी विचारले.

"ते आले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," वामन खाली मान घालून म्हणाला. मग एकदम उसळून बोलला, "त्यांना असे चालायला लावणे तुम्हाला निष्ठुर वाटत नसेल, गुरुजी. मी आईला पाहिले आहे. पाऊल उचलताना तिचा जीव कासावीस व्हायचा. मी तिला चालायला लावायला हवे होते का?"

गुरुजींनी त्याला जवळ बसवून घेतले. "नाही रे. तुझ्या आईचा देह निरोप घेत होता. तिला कुशीची ऊब हवी होती, ती तू दिलीस. तुझे काहीही चुकले नाही. पण शेठजींचा देह परत यायला निघाला आहे. दोघांचे दुखणे एकाच नावाचे, म्हणून दोघांची सेवा एकच कशी असेल? कष्टाने आलेला थकवा झोपेने जातो. हा उपचारांनी आलेला थकवा आहे. नुसते पडून राहिले की तो वाढतच जातो. जेवढे झेपेल तेवढे रोज चालणे, हेच त्यावरचे औषध. हे माझे शास्त्र नव्हे, त्यांच्या डॉक्टरांनीच कागदावर लिहून दिले आहे. घरच्यांनी मायेपोटी ते बाजूला ठेवले, आणि इथे तू. बाळ, तू त्यांना जेवण नेत होतास खरे, पण त्यांचे चालणे काढून घेत होतास."

वर खोलीच्या दारात काहीतरी हलले. शेठजी चौकट धरून उभे होते. त्यांनी सारे ऐकले होते.

"गुरुजी," त्यांनी तिथूनच विचारले, "जन्मभर गादीवर बसून धंदा केला. त्यामुळंच झालं का हे मला?"

"ते कोणीच सांगू शकणार नाही, शेठजी. अंग हलते ठेवणाऱ्याला या रोगाचा धोका कमी, एवढे खरे. पण झालेल्या दुखण्याचा दोष स्वतःच्या माथी मारून घेऊ नका."

"आणि चाललो, तर परत होणार नाही?"

"तसा शब्द मी देत नाही. संभव कमी होईल, अंगात बळ येईल. जेवढे आपल्या हाती आहे, तेवढे आपण करायचे."

 शेठजींनी चौकट सोडली. "वामन, डबा खाली घेऊन जा," ते म्हणाले. "मी येतो."

वामन गेला नाही. डबा गुरुजींजवळ ठेवून तो वर गेला आणि शेठजींच्या शेजारून उतरू लागला. हात पुढे करण्याची इच्छा त्याने प्रत्येक पावलाला आवरली. शेठजी थांबले की तो थांबे, निघाले की निघे. भाकरी पार निवून गेली होती. पण त्या दिवशी शेठजींनी ती मागून घेऊन खाल्ली.

त्यानंतर त्यांनी एकही वेळ चुकवली नाही. अंग मोडून आले त्या दिवशी ते पहिल्या कट्ट्यापर्यंत आले आणि तिथे बसून जेवले, पण खोलीत जेवले नाहीत. हळूहळू न बसताच कट्टे मागे पडू लागले. मुलगा तपासणीसाठी न्यायला आला तेव्हा गाडी जमेल तितकी वर चढवू लागला. शेठजींनी त्याला हात करून खालीच थांबवले.

"अहवाल चांगला येईल ना, शेठजी?" निरोप घेताना वामनने भीतभीत विचारले.

"काय यायचा तो येऊ दे," शेठजी म्हणाले. "उद्या सकाळी मी चालायला जाणार, हे ठरलेलं आहे."

ते उतार उतरू लागले. मुलगा आधार द्यायला धावत वर येत होता. वामनने त्याला वाटेतच गाठले आणि हळूच म्हटले, "दादा, धरू नका. नुसते बरोबर चाला."