केसभरही लहान नको

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष धनवटेसाहेब म्हणजे डोक्याला नुसता ताप. शेजारच्या रेणुकाने सोसायटीची वेबसाइट केली आणि ज्याचा फोन जेवढा, त्यात मावेल एवढा फोटो लहान करून दाखवायची सोय तिच्यात बसवली. साहेबांना फोनवर त्या वेबसाइटवरचा स्वतःचा फोटो बोटभर दिसला आणि बिनसलं.

"मला लहान करतेस? फोटो केसभरही कमी झालेला चालणार नाही. नाहीतर हे काम माझ्या भाच्याला देईन."

मी दारातच लसूण सोलत होते, म्हणून ऐकू आलं.

"बरं काका," म्हणत रेणुकाने ती सोय बंद केली.

रविवारच्या सभेत साहेबांनी ऐटीत सगळ्यांना आपापल्या फोनवर वेबसाइट उघडायला लावली. उघडता उघडेना. शेवटी उघडली, तर पडदाभर नुसतं नाक.

साहेब तडकले, "माझा चेहरा कुठाय?"

"आहे की काका, पूर्ण आकारात. एवढ्याशा फोनात नाकच मावलं. पूर्ण दिसायचं असेल, तर थोडं लहान व्हावं लागेल."

सभा खो खो हसली. साहेबांनी फोन खिशात टाकला.

"कर बाई लहान. काम तूच बघ," ते पुटपुटले, "पण मिशी तेवढी नीट येऊ दे."