मोटारीची पाठ

ऐन दसऱ्याला, सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीत, करंजगडच्या महाराजांची मोटार शिवेच्या दहा पावलं अलीकडे बसली. अंगावर झेंडूच्या माळा, कपाळाला हळदकुंकू, आणि जागची ढिम्म हलेना.

अशा वेळी हाक जायची रखमाजीला. दरबारात कुणी भालदार होता, कुणी चोपदार. रखमाजी मोटार ढकलणारा होता. आठ वर्षं झाली. सोयरिकीच्या बैठकीत कुणी विचारलं, "राजवाड्यात काय करता?" तर तो मिशीला पीळ देऊन सांगे, "महाराज माझ्या जोरावर चालतात." त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या दिवशी मात्र ढकलता ढकलता तो पुटपुटला, "याच्यापरीस तीनशे रुपयांत बरी मोटार मिळंल." महाराजांना एरवी कमी ऐकू येई, पण नको ते नेमकं ऐकू येई.

"मिळेल? मग आण!" महाराज कडाडले. "दिवाणजी, ह्याला तीनशे रुपये द्या. पै जास्त नको. पाडव्याला आम्ही त्याच मोटारीतून घाट चढून देवीला जाणार. वाटेत एकदा जरी थांबली, तर तुझी नोकरी गेली समज."

नव्या मोटारीला तेव्हा तीन हजार पडत. रखमाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. बायकोनं, पारूनं, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "आन् मोटार थांबलीच न्हाई, तर ढकलनाऱ्याचं काय काम?"

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. वाईट आणली तर नोकरी जाणार, चांगली आणली तर नोकरी उरणारच नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि ढकलणारी स्वतःचीच जीभ.

"मंग काय करू?"

"चांगलीच आना. नोकरी जायाचीच हाय, तर निदान शिव्या खाऊन नको."

रखमाजी महाराजांच्या म्हाताऱ्या ड्रायव्हरला घेऊन शहरात गेला. तिथं जुन्या मोटारी विकणारे मोतीशेठ फार गोड बोलत. त्यांनी एक हिरवीगार मोटार दाखवली. पितळी दिवे, नवी गादी, आणि भोंगा असा की ऐकून म्हशीनं दूध चोरावं. ड्रायव्हर तर तिच्या प्रेमातच पडला.

"इंजिन बघा, इंजिन," शेठ म्हणाले.

"मला इंजिनातलं काय कळतंय," म्हणत रखमाजी मोटारीच्या मागे गेला, वाकला, दोन्ही पंजे टेकवले आणि मान हलवली. "ही नको."

निळीच्या मागे गेला. "हीबी नको."

अशा सात मोटारी झाल्या. शेठचं गोड बोलणं आंबट होऊ लागलं. शेवटी कोपऱ्यात एक काळी मोटार दिसली. पुढून चेपलेली, एक दिवा फुटका, गादीला ठिगळ. रखमाजीनं तिची पाठ चाचपली, मग दार उघडून ड्रायव्हर पाय ठेवतो तिथं डोकावला. ब्रेकच्या पट्टीवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं. "हीच."

"अहो, ती खेडोपाडी हिंडणाऱ्या डॉक्टरची," शेठ म्हणाले. "महाराजांना शोभेल का?"

"शोभत न्हाई ना? मंग किंमतबी तशीच सांगा."

सौदा दोनशे ऐंशीला पटला. मोटार पाहून महाराज म्हणाले, "हिला बघून देवी दार लावून घेईल."

पाडव्याला मोटार घाटाला लागली. नेमाप्रमाणे रखमाजी मागून धावू लागला. पहिल्या वळणापर्यंत निदान तिची धूळ दिसली, पुढं तीही दिसेना. आठ वर्षांत पहिल्यांदाच मोटार त्याला सोडून गेली होती, आणि आपण हसावं की रडावं हे त्याला कळेना. धापा टाकत तो देवळात पोचला तेव्हा महाराजांचा प्रसादही खाऊन झाला होता.

"एकदाही अडली नाही रे," महाराज म्हणाले. "पण मोटारीतलं तुला कळतं तरी काय?"

"काय बी न्हाई सरकार. निस्ती पाठ कळती. अडणाऱ्या मोटारीला ढकलून ढकलून मागचा पत्रा पंजांनी दबतो. बाकीच्या मोटारींना शेठनं वरून रंग मारलाय, पर माझे पंजे त्या खळग्यांत बरोबर बसले. हिची पाठ सपाट, आन् ब्रेकचं रबर झिजलेलं. म्हंजी चालली लई, पर ढकलली कुनी न्हाई."

महाराजांचा चेहरा खुलला, आणि लगेच पडला. "पण शहाण्या, तू तर स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलास. आता तुझं काम काय?"

पण रखमाजीची जीभ काही गप्प बसेना. "काम त्येच सरकार, म्हाराजांना न्यायाचं. आठ वर्सं मागून नेलं, आता पुढं बसून नेतो."

महाराज इतके हसले की पगडी हातात धरावी लागली. "दिवाणजी, उरलेले वीस रुपये ह्याच्या पारूला साडीचोळीला द्या. आणि ड्रायव्हर, तुम्हाला हल्ली खड्डे दिसत नाहीत. ह्याला शिकवा आणि घरी बसून पेन्शन खा. चल रे रखमाजी, बस पुढे!"

"जी सरकार," म्हणत रखमाजीनं बाह्या सरसावल्या, आणि सवयीनं थेट मोटारीच्या मागे जाऊन दोन्ही पंजे टेकवले.