रिकामी ढोली हाच पुरावा

विषय: भाडेकरू मुदतीआधी निघून गेल्यास घरमालकाने काय करावे.
संदर्भ: एका सुतारपक्ष्याचा रानाच्या कचेरीतला अर्ज. हकीकत येणेप्रमाणे.

माणसांची वस्ती व्हायच्या आधी एका रानात एक म्हातारा सुतारपक्षी राहत होता. मान आखडल्यापासून लाकूड कोरून किडे काढणं त्याला जमेना. तरुणपणी कोरलेली एक जादा ढोली मात्र होती. ती त्याने पोपटाला मृग लागेपर्यंत भाड्याने दिली. भाडं, रोज एक किडकं उंबर. पोपटाला किडकं चालत नसे आणि सुतारपक्ष्याला किड्यांखेरीज काही चालत नसे, त्यामुळे करार दोघांनाही पसंत होता. म्हाताऱ्याचं पोट त्या उंबरावर चाले.

चैत्रात पोपट म्हणाला, "काका, आम्ही निघतो. पलीकडच्या डोंगरावर हिच्या आईला बरं नाही."

"मृगापर्यंत ठरलं होतं."

"ठरलं होतं खरं. चूक आमचीच. पण ढोली झाडून ठेवलीय, आणि ही साळुंकी जागा शोधतेय. तिला अंडी घालायचीत."

साळुंकीने आत डोकावून पाहिलं. "हवेशीर आहे हो! उद्यापासून उंबर देते. किडकंच ना?"

"जमणार नाही," सुतारपक्षी म्हणाला. "तू आत आलीस की ढोली भरली. मग माझं नुकसान झालं हे दाखवू कशाने? रिकामी ढोली हाच माझा पुरावा आहे."

"आणि तोवर खाणार काय, काका?"

"न्याय मिळेल."

"बरं, पोटभर खा," म्हणून साळुंकी शेजारच्या झाडावर गेली.

सुतारपक्ष्याने अर्ज केला की, मृगापर्यंतची सगळी उंबरं पोपटाकडून मिळावीत. मग तो दारात पहाऱ्याला बसला. रिकाम्या ढोलीत हा एवढं काय जपतोय, हे बघायला पाखरं लांबून येत. आठवड्यात तो वाळला. एकदा भुकेने मुंग्या टिपायला खाली उतरला, तेवढ्यात मधमाश्या ढोलीत शिरल्या. त्यांच्याशी भाड्याची बोलणी करायला कोण जाणार?

कचेरीत घुबड बसायचं. त्याने अर्ज उलटसुलट करून पाहिला. "पोपट चुकला, मान्य. दुसरा भाडेकरू मिळेपर्यंतची उंबरं त्याने द्यावीत. साळुंकी कधी आली होती?"

"तो निघाला त्याच दिवशी."

"अस्सं. आणि हा रकाना सात कोरा का? 'जागा पुन्हा देण्यासाठी मालकाने काय केले?'"

"पहारा केला."

"त्याला रकाना नाही," घुबड म्हणालं, आणि 'पूर्तता करावी' असा शेरा मारून त्याने अर्ज ठेवून घेतला.

यातून घ्यायचं ते एवढंच: भाडेकरू मध्येच गेला तर त्याची चूक जरूर मांडावी, पण आधी दुसरा भाडेकरू शोधावा. जो दारात येऊन उभा आहे, त्याला तर मुळीच परत पाठवू नये.

साळुंकीची पिल्लं उडायला लागली आहेत. ढोलीत मधमाश्या आहेत. रकाना सात कोरा असल्याने अर्ज प्रलंबित आहे.