टोक्याचे स्वच्छ पाय

चूक सगळी मुंगूसबापाची होती, पोराची नव्हती. हे आधीच सांगतो, कारण मोठे लोक गोष्ट संपेपर्यंत पोरालाच दोषी धरतात.

मोर अजून गुरू म्हणून मिरवायचा त्या काळी रानात पाच-पाच जणांचा चेंडूचा खेळ शिकवणारे दोन वर्ग होते. मोराच्या वर्गात मोठ्या माळावर साठ पोरं रांगेत उभी असायची. टिटवीचा वर्ग रानाकडेच्या जुन्या खळ्यावर भरायचा. तिथे पोरं दहा, आणि चेंडू म्हणून एक जड बेलफळ, जे उसळत नसे. बापाने मोराचा पिसारा पाहिला आणि आपल्या पोराला, टोक्याला, मोराच्या वर्गात घातलं.

महिनाभराने टोक्या म्हणाला, "मला नाही खेळायचं."

"आळशी आहेस," बाप म्हणाला. "एवढा नावाजलेला गुरू, एवढी शिस्त. पोरगा मळतसुद्धा नाही."

"अहो, तेच तर बघतेय मी," आई म्हणाली. "महिना झाला, याच्या पायाला धूळ नाही. टोक्या, आज चेंडू किती वेळा आला तुझ्याकडे?"

"आज नाही आला. परवा एकदा आला होता."

हे बापाने मोराला विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई टोक्याला खळ्यावर घेऊन गेली. संध्याकाळी तो कानापर्यंत मातीने माखून, हसत घरी आला. "बाबा, उद्या लवकर उठवा," म्हणाला आणि जेवताजेवताच झोपला. आईचा जीव भांड्यात पडला.

बापाला मात्र तेव्हापासून रोज पोराचे पाय धुवावे लागले.